मदतकार्यात करिअर: कोल्हापुरात राहून शिक्षणाची वाट कशी ठरवाल

राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ फुटांवर गेलं की धोका. कोल्हापुरात हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगा ५५ फुटांच्या पुढे गेली. प्रत्येक पुरात कॉलेजची मुलंमुली रात्र रात्र जागून चपात्यांची पाकिटं बांधतात, आणि पाणी ओसरलं की त्यातले काही जण विचारतात: हेच काम पगारावर करता येतं का? त्यासाठी शिकायचं काय?

करता येतं. पण बारावीनंतर ‘मानवतावादी कार्य’ नावाची पदवी शोधायला निघालात तर दोन-तीन वर्षं वाया जायची शक्यता मोठी. मदतकार्य करणाऱ्या संस्थेला पाण्याचा इंजिनिअर लागतो, नर्स लागते, गोदाम सांभाळणारा लागतो, हिशेब लिहिणारा लागतो. कळकळ सगळ्यांकडेच असते, त्यामुळे तिच्यावर निवड होत नाही. आधी एक कसब हातात घ्या आणि मग त्याच्यावर मदतकार्याचं शिक्षण चढवा. खालचा सगळा क्रम याच हिशेबाने लावला आहे.

१. आधी जाहिराती वाचा, कॉलेज नंतर

रिलीफवेब आणि डेव्हनेटजॉब्स इंडिया या दोन संकेतस्थळांवर या क्षेत्रातल्या नोकऱ्यांच्या जाहिराती येतात. रिलीफवेबवर ‘इंडिया’ हा फिल्टर लावा आणि दोन्हीकडच्या मिळून ३० जाहिराती शेवटपर्यंत वाचा. वहीत चार रकाने आखा: पद, किमान पदवी, किती वर्षांचा अनुभव, कुठली भाषा किंवा सॉफ्टवेअर. दोन संध्याकाळचं काम आहे.

तीस ओळी भरल्या की दोन गोष्टी दिसतील. एक, बहुतेक पदांना ‘अमुक विषयातली किंवा संबंधित पदवी’ एवढंच लागतं, म्हणजे पदवीचं नाव तंतोतंत जुळायची गरज नाही. दोन, अनुभवाच्या रकान्यात शून्य जवळपास कुठेच नसतं. कॉलेज निवडण्याइतकंच कॉलेजच्या वर्षांत काय काम केलं याला वजन आहे, ते या रकान्यामुळे.

२. कसब ठरवा

*पाणी आणि स्वच्छता.* या क्षेत्रात याला सरसकट ‘वॉश’ म्हणतात. सिव्हिलचा डिप्लोमा किंवा बीई असेल तर हे दार तुमच्यासाठी उघडं आहे. काम काय असतं ते आकड्यांत पाहा. मदतकार्याचे जगभर वापरले जाणारे किमान निकष ‘स्फिअर’च्या पुस्तिकेत आहेत: माणशी रोज १५ लिटर पाणी, माणशी ३.५ चौरस मीटर छताखालची जागा, सुरुवातीला ५० माणसांमागे एक शौचालय आणि लवकरात लवकर २० माणसांमागे एक. आता शाळेत ६०० माणसांची छावणी धरा. रोज ९,००० लिटर पाणी. शौचालयं आधी १२, मग ३०. आणि २० बाय २५ फुटांच्या एका वर्गात निकषाप्रमाणे बसतात १३ माणसं. पुरात त्याच वर्गात चाळीस-चाळीस माणसं झोपलेली असतात. मग आधी कोणाला हलवायचं, टँकर कुठे उभा करायचा, बायकांची शौचालयं उजेडाच्या कुठल्या बाजूला घ्यायची, हे ठरवणं म्हणजे ही नोकरी.

टाकीत टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) टाकायचं गणित कोणालाही शिकता येतं. ते चुकतं कुठे, हे इंजिनिअरला माहीत असावं लागतं. टीसीएलचं पोतं उघडं किंवा ओलसर जागी राहिलं की क्लोरीन उडून जातो. ग्रॅम बरोबर मोजूनही अर्ध्या तासाने ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते रंगावरून पाहायची चाचणी) घेतली तर पिवळा रंग येत नाही. पाणी गढूळ असेल तर गाळच क्लोरीन खाऊन टाकतो, म्हणून आधी निवळायचं आणि मग टाकायचं. गावाच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याबरोबर चार दिवस फिरलात तर हे पुस्तकापेक्षा लवकर कळेल.

*आरोग्य.* एमबीबीएसच हवं असं नाही. बीएस्सी नर्सिंग, जीएनएम, फार्मसी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ या सगळ्यांना मागणी असते. नर्सिंगवाल्यांनी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू ठेवावी. ती संपली असेल तर अर्ज पहिल्याच चाळणीत बाजूला पडतो. कुपोषण मोजायची दंडघेराची पट्टी आतापासून हाताळायला शिका: ६ ते ५९ महिन्यांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंमीच्या खाली असेल तर तीव्र कुपोषण. पट्टी खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, ना घट्ट ना सैल. नवशिका ती ओढून लावतो आणि धडधाकट मूल कुपोषित ठरतं. अंगणवाडीत ती पाहायला मिळते.

*हिशेब.* याकडे कोणी वळत नाही, आणि नेमकी इथेच माणसं मिळत नाहीत. बीकॉम, टॅली आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याची नीट माहिती एवढ्यावर चांगली सुरुवात होते. परदेशी देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते, त्या पैशातून प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर जाता येत नाही आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. मुलाखतीत या तीन गोष्टी सांगू शकणारा बीकॉम उमेदवार वेगळा उठून दिसतो.

*समाजकार्य.* बीएसडब्ल्यू, एमएसडब्ल्यू. ‘लोकांशी बोलायचं काम’ एवढीच याची ओळख करून घेऊ नका. लाभार्थी यादी करणं हे या कामाचं हृदय आहे, आणि ते फार नाजूक असतं. नमुना म्हणून एकच अडचण घ्या: एका रेशनकार्डावर तीन चुली. भाऊ वेगळे झाले, स्वयंपाक वेगळा, कार्ड मात्र वडिलांच्या नावावर. कार्डाप्रमाणे किट वाटलं तर तिघांत एक जातं आणि घरात भांडण लागतं. चुलीप्रमाणे वाटायचं ठरवलं की उद्या गावात चुली वाढतात! भाड्याने राहणारा तर कुठल्याच यादीत नसतो. तलाठी, ग्रामसेवक, आशाताई आणि गल्लीतल्या दोन बायका अशा चार ठिकाणी एकच यादी ताडून पाहायची आणि मग चावडीवर मोठ्याने वाचायची, ही रीत समाजकार्याच्या चांगल्या विभागात शिकवतात.

*जनावरं.* शिरोळ-करवीरकडे पुरात माणसं घर सोडत नाहीत ती बहुतेक वेळा गोठ्यातल्या म्हशींमुळे. पशुधनाच्या मदतीसाठीही ‘लेग्ज’ नावाचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत. पशुवैद्यकीय पदवी घेऊन या क्षेत्रात येणारे थोडेच. आपल्याला जवळचं सरकारी महाविद्यालय शिरवळचं.

*नकाशे आणि आकडे.* भूगोल, संख्याशास्त्र किंवा संगणकाची पदवी, सोबत क्यूजीआयएस (नकाशे करायचं सॉफ्टवेअर) आणि कोबोटूलबॉक्स (मोबाइलवर सर्व्हे घ्यायचं साधन). दोन्ही फुकट मिळतात.

कायदा, पत्रकारिता, मानसशास्त्र इथूनही वाटा आहेत, पण त्यांत जागा कमी आणि अनुभवाची अट जास्त. मानसशास्त्राच्या नुसत्या बीएवर समुपदेशक म्हणून उभं राहू नका. संकटातल्या माणसाशी अर्धवट शिकलेल्याने बोलणं त्याला महागात पडतं.

३. पदवी इथेच घ्या

पहिल्या पदवीसाठी मुंबई-दिल्ली गाठायची गरज नाही. शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत कोल्हापूर, सांगली, सातारा असे तीन जिल्हे येतात आणि वर सांगितलेली बहुतेक कसबं इथे शिकता येतात. समाजकार्यात एमएसडब्ल्यू करायचं तर सायबर आहे. (बाहेरगावच्यांसाठी: इथे संगणकाचा संबंध नाही, छत्रपती शाहू महाराजांच्या नावाची ती संस्था आहे, चौकालाही तिचंच नाव.)

इथे राहण्याचा फायदा घरच्या जेवणाइतकाच फील्डचा. चिखली, आंबेवाडी, कुरुंदवाड, नृसिंहवाडी ही गावं बसच्या अंतरावर आहेत. दिल्लीतल्या विद्यार्थ्याला पूरग्रस्त गाव अभ्यासदौऱ्यात दोन दिवस दिसतं. तुम्ही तिथे पावसाळ्याआधी, पाण्यात आणि पंचनाम्याच्या वेळी असे तिन्ही वेळा जाऊ शकता.

कॉलेज बघायला जाल तेव्हा एवढं विचारा:

– फील्डवर्क आठवड्यातून किती दिवस? एमएसडब्ल्यूला साधारण दोन दिवस असतात. ‘प्रोजेक्ट असतो’ असं मोघम उत्तर आलं तर शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारा.
– फील्डवर्कचा अहवाल कोण तपासतं, आणि तपासून परत देतं का?
– गेल्या दोन वर्षांतली मुलं आता कुठे नोकरीला आहेत? संस्थांची नावं घ्या, ‘चांगल्या ठिकाणी’ यावर थांबू नका.
– संस्था किंवा अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आहे का? दूरशिक्षणाचा असेल तर यूजीसीच्या यादीत स्वतः पाहा. जाहिरातीतल्या शिक्क्यांवर जाऊ नका.

४. पदवीच्या वर्षांत अनुभव जमवा

एनएसएसला नाव घाला. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० आणि सात दिवसांचं शिबिर. शिबिरात नुसता रस्ता झाडून येऊ नका. जेवणाचा हिशेब किंवा गावाचा सर्व्हे अंगावर घ्या, म्हणजे पुढे सांगायला काहीतरी राहतं.

जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे ‘आपदा मित्र’ प्रशिक्षणाची चौकशी करा. वय १८ ते ४०, प्रशिक्षण १२ दिवसांचं. शोध, बचाव, प्रथमोपचार यांची तोंडओळख होते. नवी तुकडी रोज निघत नसते, म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयात नाव-नंबर देऊन ठेवा. व्हाईट आर्मीसारखी बचावकार्य करणारी स्वयंसेवी संस्थाही कोल्हापुरातच आहे. एक मात्र बजावून सांगायला हवं: पोहता येणं आणि पुराच्या पाण्यात उतरता येणं यांत फार अंतर आहे. प्रशिक्षण आणि लाइफ जॅकेट नसेल तर तुमचं काम काठावरचं.

आणि काठावरचंच काम अनुभव म्हणून जास्त मोजलं जातं, हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं. पुरात आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग कोणी वेगळे लावले, गोदामात काय आलं, काय गेलं, काय उरलं याची नोंद कोणी ठेवली? स्टॉक रजिस्टर, प्रत्येक मालाचं बिन कार्ड (त्या मालाच्या आवक-जावकीचं कार्ड), ट्रकसोबत जाणारं चलन या तीन कागदांवर लॉजिस्टिक्सचं सगळं खातं चालतं. आठ दिवस ते सांभाळलंत तर अर्जात लिहायला ठोस ओळ मिळते.

कामाची वही ठेवा. तारीख, गाव, तुमचं नेमकं काम, किती कुटुंबं, काय अडलं, काय ठरवलं, कोणाच्या हाताखाली. ‘पूरग्रस्तांना मदत केली’ या वाक्याला किंमत नाही. ‘९ दिवस, ४२० कुटुंबांची यादी, ३१ दुबार नावं काढली’ अशा वाक्याला आहे. (आकडे वानगीदाखल, तुमचे खरे लिहा.) प्रमाणपत्र मागायचं असेल तर काम संपल्याच्या आठवड्यातच मागा. वर्षाने तो समन्वयक दुसऱ्या राज्यात गेलेला असतो.

फोटोंबद्दल: मदत घेणाऱ्याचा चेहरा त्याच्या परवानगीशिवाय टाकू नका, लहान मुलांचा तर नाहीच. निवड करणारे तुमची सोशल मीडिया खाती पाहतात. किट हातात देताना काढलेली सेल्फी तिथे तुमच्या विरोधात जाते.

५. पदव्युत्तर: थेट की दोन वर्षांनी?

नर्सिंग, इंजिनिअरिंग, बीकॉमवाल्यांनी आधी दोन वर्षं नोकरी करावी असं आमचं स्पष्ट मत आहे. साध्या हॉस्पिटलात, कंत्राटदाराकडे, सीएच्या ऑफिसात केलेली नोकरीही चालते. समाजकार्य आणि बीएवाल्यांनी मात्र थेट पुढे शिकावं, कारण त्यांच्या बहुतेक पदांना पदव्युत्तर पदवीच लागते.

टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणजे टिस, १९३६ पासून मुंबईत आहे. तिथे आपत्ती व्यवस्थापनाचा स्वतंत्र विभाग आहे, समाजकार्य आणि सार्वजनिक आरोग्यही आहे. तुळजापूरच्या कॅम्पसचा भर ग्रामीण विकासावर. प्रवेश सीयूईटी-पीजी या पदव्युत्तर प्रवेशाच्या देशपातळीवरच्या सामायिक परीक्षेतून होतो. इथे दरवर्षी मुलं एकाच ठिकाणी अडकतात: सीयूईटी दिली म्हणजे टिसचा अर्ज झाला असं धरून चालतात. टिसच्या संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करावी लागते. सीयूईटीचा फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीत सुटतो आणि परीक्षा मार्चच्या सुमारास होते. विद्यापीठाच्या शेवटच्या सत्राचं वेळापत्रक त्याच्या आगेमागेच असतं, तेव्हा अभ्यास दिवाळीतच सुरू करा.

मुंबईचं निर्मला निकेतन आणि पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था ही समाजकार्यातली जुनी नावं. नोकरी सोडता येत नसेल तर इग्नूचा आपत्ती व्यवस्थापनाचा पदव्युत्तर डिप्लोमा घरून करता येतो. तो पदवीला जोड म्हणून चांगला, एकट्याच्या बळावर नोकरी देईल असं समजू नका.

खासगी संस्थांच्या ‘डिझास्टर मॅनेजमेंट’च्या काही महागड्या अभ्यासक्रमांत फायर-सेफ्टीचाच मजकूर जास्त असतो. कारखान्यात सेफ्टी ऑफिसर व्हायचं असेल तर तो उपयोगी. छावणी चालवायची असेल तर नाही. फी भरण्याआधी विषयांची यादी मागा आणि त्यात लाभार्थी निवड, पाणी-स्वच्छता, संरक्षण, निधी व्यवस्थापन हे शब्द आहेत का बघा.

६. फुकटचे कोर्स, पण या क्रमाने

‘काया’ आणि ‘डिझास्टररेडी’ या व्यासपीठांवर शेकडो कोर्स मोफत आहेत. पंचवीस प्रमाणपत्रं जोडलेला अर्ज कोणी वाचत नाही. एवढे पुरेत: मदतकार्याची चार तत्त्वं (मानवता, निःपक्षपात, तटस्थता, स्वातंत्र्य); स्फिअर निकष; लैंगिक शोषणापासून संरक्षण; संयुक्त राष्ट्रांचा ‘बीसेफ’ हा सुरक्षेचा कोर्स. त्यानंतर कोबोटूलबॉक्सवर स्वतःच्या गल्लीतल्या ३० घरांचा सर्व्हे करून पाहा. पहिल्या फॉर्ममध्ये हटकून दोन चुका होतात. वय लिहायला मोकळी जागा ठेवली की कोणी ‘४५’ लिहितं, कोणी ‘पंचेचाळीस’. आणि ‘जनावरं नाहीत’ म्हटलेल्यालाही ‘म्हशी किती?’ हा प्रश्न येतच राहतो, कारण प्रश्न गाळायची अट घातलेली नसते. घरी बसून चुकलात तर पुढे दोनशे घरं परत फिरावी लागत नाहीत.

७. परदेशी शिक्षण आणि त्याचे पैसे

युरोपात ‘नोहा’ नावाचा मानवतावादी कार्याचा संयुक्त मास्टर्स १९९३ पासून चालतो. ग्रोनिंगेन, बिल्बाओ, बोखुम, डब्लिन, उप्साला इथली विद्यापीठं त्यात आहेत. ब्रिटनच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीला २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं भारतात परतावं लागतं. जर्मनीच्या डाड (डीएएडी) या शिष्यवृत्त्या देणाऱ्या संस्थेच्या विकासविषयक शिष्यवृत्त्यांना दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि शेवटची पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिची जाहिरात आल्यावर कागद गोळा करायला निघालात तर मुदत निघून जाते.

परदेशात नेमणूक हवी असेल तरी आधी इथला अनुभव लागतो. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्ससारखी संस्था साधारण दोन वर्षं मागते. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक योजनेत १८ ते २६ वयोगटाला वेगळी वाट आहे. २७ नंतर तीन वर्षांचा अनुभव लागतो. आफ्रिकेत काम करायचं मनात असेल तर फ्रेंच शिकायला लागा.

८. कागदपत्रांची फाइल

– दहावी, बारावी, पदवीच्या प्रत्येक सत्राच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला.
– दुसऱ्या विद्यापीठात जाताना मायग्रेशन सर्टिफिकेट, परदेशासाठी ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठाने दिलेलं सगळ्या सत्रांच्या गुणांचं एकत्रित पत्रक). अर्ज आणि हातात पडणं यांत किमान महिना धरा.
– जातीचा दाखला, वैधता, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल.
– ओबीसींसाठी नॉन-क्रीमी लेयर केंद्राच्या नमुन्यातलं. राज्याचं प्रमाणपत्र टिससारख्या ठिकाणी चालत नाही. तहसीलमध्ये अर्ज करताना ‘सेंट्रलचं’ असं स्पष्ट सांगा. एसईबीसी आरक्षणही राज्यापुरतंच आहे.
– ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र चालू आर्थिक वर्षाचं. ३१ मार्चनंतर नवं काढा.
– पासपोर्ट. परदेशी जायचा विचार नसला तरी काढून ठेवा, वेळेवर धावपळ होते. पोलीस पडताळणीला सध्याच्या पत्त्यावर घरात असा. हॉस्टेलचा पत्ता दिला आणि सुट्टीत गावी गेलात की फाइल अडते.
– सर्व कागदांचे स्वच्छ स्कॅन, फाइलच्या नावात तुमचं नाव आणि कागदाचं नाव.

नाव सगळीकडे एकाच स्पेलिंगचं आहे ना, हे आजच पाहा. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी. पासपोर्टवर दोन वेगळे रकाने. परदेशी विद्यापीठाचा कारकून ‘पाटील’ हेच तुमचं पहिलं नाव समजून पत्र पाठवतो, आणि मग व्हिसाच्या वेळी ते कागदाशी जुळत नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींच्या बाबतीत हा गुंता दुप्पट. स्पेलिंगची चूक असेल तर बोर्डाकडची दुरुस्ती शाळेमार्फत करावी लागते, आणि त्यासाठी जनरल रजिस्टरचा उतारा लागतो. तो शाळेच्या ऑफिसातून उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच घेऊन ठेवा, मे महिन्यात तिथे कोणी भेटत नाही.